इंग्लिश लिटरेचर घेऊन पुढे काय? एका बीटेकवाल्याचं उत्तर

आजचा विषय थोडा घरगुती आहे. बारावीचा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या मावसबहिणीचा मेसेज आला. "दादा, मला बीए इंग्लिश करायचंय. पप्पा म्हणतात, तुला विचारून ठरवू." म्हणजे निर्णय माझ्या गळ्यात! का, तर घरात बीटेक झालेला मी एकटाच. विरार लोकलमध्ये दाराजवळ अर्ध्या पायावर उभा होतो, तेव्हा नुसता अंगठा पाठवला. खरं उत्तर द्यायला आठवडा लागला. ते उत्तर म्हणजे आजचा हा भाग.

आधी एक कबुली. चार वर्षांपूर्वी एका मित्राने हेच विचारलं होतं, तेव्हा मी हसून म्हणालो होतो, "इंग्लिश घेऊन काय करणार, क्लास काढणार?" आज मी तसं म्हणणार नाही. कारण मध्ये एक प्रकार घडला.

तेव्हा मी ज्या कंपनीत होतो, तिथे रात्रीच्या शिफ्टला काम सोपवताना ईमेल लिहायची पद्धत होती. एकदा मी लिहिलं, "रिस्टार्ट द सर्व्हिस आफ्टर द बॅकअप, इफ इट फेल्स." आता सांगा, इथे 'इट' म्हणजे कोण? माझ्या मनात होती सर्व्हिस. वाचणाऱ्याला वाटलं बॅकअप. त्या रात्री बॅकअप अडकला, आणि त्या बिचाऱ्याने चांगली चालू असलेली सर्व्हिस बंद करून पुन्हा सुरू केली. क्लायंटच्या देशात भर दुपार होती. लोकांना चाळीस मिनिटं लॉगिन करता आलं नाही. सकाळी मीटिंगमध्ये सगळे कोड तपासत होते. कोडमध्ये चूक नव्हतीच, चूक माझ्या वाक्यात होती.

ती सापडली कुणाला? आमच्या टीममधल्या टेक्निकल रायटरला. तिचं शिक्षण एमए इंग्लिश. तिने माझ्या एका वाक्याची दोन वाक्यं केली. बॅकअप फेल झाला तर हे करा, सर्व्हिस फेल झाली तर ते करा. गंमत बघा, मराठीत हा घोळ झालाच नसता. आपल्याकडे बॅकअप 'तो' आणि सर्व्हिस 'ती'. क्रियापदच सांगतं कुणाबद्दल चाललंय. इंग्लिशमध्ये दोघांनाही 'इट'. भाषा कुठे दगा देते हे ओळखणं, हेच या विषयाचं खरं शिक्षण.

इंग्लिश येणं आणि इंग्लिश शिकणं

नालासोपाऱ्यापासून विरारपर्यंत 'स्पोकन इंग्लिश'चे बोर्ड किती आहेत बघा. त्यामुळे आपल्याकडे समज असा की बीए इंग्लिश म्हणजे तीन वर्षांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास. तसं नाहीये. या पदवीत कविता, नाटक, कादंबरी, समीक्षा, भारतीय लेखकांचं इंग्लिश साहित्य आणि बऱ्याच ठिकाणी थोडं भाषाशास्त्र असतं. बोलण्यातला आत्मविश्वास त्यातून येऊ शकतो, पण तो आपोआप मिळत नाही. फाडफाड इंग्लिश बोलणाऱ्याला शेक्सपिअर कळेलच असं नाही, आणि शेक्सपिअर कळणारा अडखळत बोलू शकतो.

या विषयाचा इतिहासही मजेशीर आहे. मुंबई विद्यापीठ सुरू झालं १८५७ साली. ऑक्सफर्डमध्ये इंग्लिशचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम आला १८९४ साली. म्हणजे तिकडे हा विषय नीट मार्गी लागायच्या आधीपासून इकडची पोरं शेक्सपिअर-मिल्टन घोकत होती. साहेबाला राज्य चालवायला इंग्लिश जाणणारी माणसं हवी होती. त्यामुळे 'इंग्लिश म्हणजे नोकरी' हे समीकरण आपल्याकडे फार जुनं आहे.

काकांचा दुसरा आक्षेप होता, "मराठी सुटेल तिची." त्यावर माझ्याकडे दोन नावं होती. विंदा करंदीकर हे इंग्लिशचे प्राध्यापक. त्यांनी 'किंग लिअर' मराठीत आणलं. 'कोसला' १९६३ साली आली, तिचे लेखक भालचंद्र नेमाडे यांनीही वर्षानुवर्षं इंग्लिशच शिकवलं. पुढे दोघांनाही ज्ञानपीठ मिळालं, तेही मराठीसाठी. काका गप्प झाले.

आता नोकऱ्यांचं बोलू

पहिला रस्ता शिकवण्याचा. शाळेत शिकवायचं तर पदवीनंतर बीएड आणि पात्रता परीक्षा. कॉलेजात शिकवायचं तर एमए, आणि मग नेट किंवा सेट. नेटला खुल्या प्रवर्गासाठी एमएला ५५ टक्के लागतात. पेपर दोन, गुण ३००, वेळ तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. ऐकायला छान वाटतं ना? पण पुढचं ऐका. कायम जागा निघायला वर्षं जातात. तोवर अनेक जण तासिका तत्त्वावर शिकवतात. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, आणि सुट्टीत काहीच नाही. नेट-सेट झालेली माणसंही या रांगेत आहेत. म्हणून 'प्रोफेसर होईन' एवढ्या एकाच भरवशावर बीए इंग्लिशला जाऊ नका.

दुसरा रस्ता अनुवादाचा, आणि आपल्या भागासाठी हा फार जवळचा आहे. वसईत जमिनीची भांडणं किती, हे मी सांगायला नको. खालच्या कोर्टात बरीच कागदपत्रं मराठीत असतात. प्रकरण हायकोर्टात गेलं की राज्यघटनेच्या कलम ३४८ प्रमाणे तिथलं कामकाज इंग्लिशमध्ये चालतं. मग सातबारा, फेरफार, हक्कसोडपत्र, साक्षीदाराचा जबाब, सगळ्याचं भाषांतर लागतं. 'कूळ', 'वहिवाट', 'पोटखराबा' हे शब्द इंग्लिशमध्ये कसे न्यायचे? एक शब्द घसरला तर कुणाची तरी वाडी पणाला लागते. हे काम दोन्ही भाषा मुरलेल्या माणसाचंच आहे.

केंद्र सरकारच्या कार्यालयांमध्येही अनुवादकांच्या जागा असतात. त्यासाठी स्टाफ सिलेक्शन कमिशन परीक्षा घेतं. एमए इंग्लिश झालेल्यांना ती देता येते, पण पदवीला हिंदी हा विषय किंवा माध्यम असायला हवं, आणि वर अनुवादाचा डिप्लोमा किंवा अनुभव. ही गोष्ट एफवायला विषय निवडतानाच माहीत हवी. टीवायला कळून उपयोग नाही.

आणि अनुवाद म्हणजे फक्त सरकारी कागद नव्हे. आपल्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं, आणि २०२० साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. सिनेमा-मालिकांची सबटायटल्स, ॲपमधला मराठी मजकूर, पुस्तकं, इथेही काम आहे.

तिसरा रस्ता माझ्या क्षेत्रातला. सॉफ्टवेअर बनवलं की ते कसं वापरायचं हे कुणीतरी लिहावं लागतं. ते काम टेक्निकल रायटरचं. ॲपमध्ये बटणावर काय लिहायचं, पैसे अडकले तर युजरला कोणत्या शब्दांत सांगायचं, हे यूएक्स रायटरचं. इथे नुसती पदवी पुरत नाही. मार्कडाउन, थोडं गिट, एपीआय म्हणजे काय, एवढं शिकावं लागतं. मनावर घेतलं तर काही महिन्यांत होतं. इंजिनिअरला चांगलं लिहायला शिकवणं त्यापेक्षा अवघड आहे, हे मी स्वतःवरून सांगतो!

बाकीचे रस्ते पटकन. बीएनंतर सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी करता येतं. पत्रकारिता, प्रकाशन, जाहिरात आहे. यूपीएससीला इंग्लिश साहित्य वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो.

एआयचं काय?

हा प्रश्न तिनेच विचारला. मी गोड बोललो नाही. शब्दावर पैसे मिळणारं साधं कंटेंट रायटिंग, उत्पादनांची वर्णनं, ठोकळेबाज ब्लॉग, हे काम एआय करतंय. त्याच्या भरवशावर करिअर उभं करू नये. पण एआयने लिहिलेलं बरोबर आहे का, त्यातला 'इट' कुणाला लागतोय, 'वहिवाट' या शब्दाचं त्याने काय केलंय, हे बघायला वाचणारा माणूस लागतोच. सावकाश, संशयाने वाचणारा. ती सवय या विषयात लागते, पण फक्त गाईड वाचून पास झालात तर नाही लागत.

मग करायचं काय?

मी तिला चार गोष्टी सांगितल्या.

१. कॉलेज जवळचं बघ. वसईत गोन्सालो गार्सिया आणि वर्तक, विरारला विवा, तिन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. तिथे इंग्लिश मेजर आहे का, शिकवायला कोण आहे, हे स्वतः जाऊन विचार. प्रवासाचे वाचलेले तीन तास वाचनाला दे.

२. दुसरं एक कौशल्य पहिल्या वर्षापासून धर. अनुवाद, कोडिंगची तोंडओळख, एडिटिंग, काहीही, पण एकच.

३. दर महिन्याला एक काम पूर्ण करून जपून ठेव. एखादा अनुवाद, एखादी सोपी करून लिहिलेली माहिती. मुलाखतीत मार्कशीटसोबत हेही बघतात.

४. एमए करायचं तर कलिना आहे, हैदराबादचं इफ्लू आहे, आणि नोकरी करत करायचं तर इग्नू आहे. ते तिसऱ्या वर्षी ठरव, आज नको.

काकांना मात्र वेगळं सांगितलं. "काका, बीटेक करून मला नोकरी मिळाली, पण माझ्या बॅचचे सगळे कोडिंग करत नाहीत. पदवी दार उघडते, आत चालावं आपल्यालाच लागतं. हिला निदान कुठल्या दारातून जायचंय ते माहीत आहे." काका म्हणाले, "आणि नाही जमलं तर?" मी म्हणालो, "तर एलएलबी आहे, बीएड आहे. तीन वर्षं पाण्यात जात नाहीत." ते हो म्हणाले नाहीत. पण फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे, हे त्यांनीच विचारलं.

पुढच्या आठवड्यात ती फॉर्म भरणार आहे. मी तिच्याकडून एक कबूल करून घेतलंय. पहिल्या सेमिस्टरनंतर माझे ऑफिसचे ईमेल तिने तपासायचे. फी म्हणून विरारचा वडापाव.

तुमच्या घरात असा प्रश्न असेल, तर 'स्कोप आहे का?' विचारण्याआधी पोराला विचारा, 'तुला यात काय आवडतं?' आणि उत्तर नीट ऐका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!