बांबेर्गचे 'प्रकटीकरण' हस्तलिखित : युगान्ताच्या चित्रांचा अर्थ

प्रस्तावना :
बायबलच्या नव्या करारातील अखेरचे पुस्तक मराठीत 'प्रकटीकरण' या नावाने ओळखले जाते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'आवरण दूर करणे' असाच आहे. तथापि 'अपोकॅलिप्स' या शब्दासाठी मराठी लेखनात अनेकदा 'प्रलय' हा शब्द योजला जातो आणि मध्ययुगीन जर्मन चित्रे केवळ विनाशाची चित्रे ठरतात. बांबेर्ग हस्तलिखिताच्या आधारे हा समज तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हस्तलिखिताचे स्वरूप :
इ. स. १००० नंतरच्या पहिल्या दोन दशकांत बोडेन सरोवरातील रायखेनाऊ बेटावरील मठाच्या परंपरेत हा ग्रंथ तयार झाला. चर्मपत्रावरील या लॅटिन ग्रंथात प्रकटीकरणाची सुमारे ५० चित्रे आहेत. सम्राट दुसरा हेन्री व सम्राज्ञी कुनिगुंडे यांच्याकडून तो बांबेर्ग येथील संत स्टीफनच्या धर्मसंस्थेस मिळाला. सध्या तो बांबेर्गच्या शासकीय ग्रंथालयात आहे. रायखेनाऊ परंपरेतील ज्या १० हस्तलिखितांची २००३ मध्ये युनेस्कोने 'जागतिक स्मृती' म्हणून नोंद केली, त्यांत त्याचा समावेश होतो.

चित्रांची भाषा :
सूर्यवस्त्रा स्त्रीसमोरील अजगर, कर्णे वाजविणारे देवदूत, अंतिम न्याय हे सर्व प्रसंग येथे आहेत. परंतु सपाट सोनेरी पार्श्वभूमीवर निसर्गदृश्य, छाया वा खोली आढळत नाही. लौकिक स्थळकाळच जणू लोप पावतो. आकृती मोजक्या, डोळे विस्फारलेले, हात निर्देश करणारे. भय आहे, पण गोंधळ नाही. शेवटी देवदूत योहानाला नवे यरुशलेम दाखवितो. याउलट, ड्यूररच्या १४९८ मधील १५ काष्ठचित्रांत चार घोडेस्वार माणसांना तुडवीत धावतात. विनाशाचा आवेग तेथे प्रधान आहे.

समारोप :
पुराणांतील प्रलयानंतर सृष्टी पुन्हा निर्माण होते व कालचक्र चालू राहते. प्रकटीकरणातील युगान्त मात्र एकदाच घडतो. म्हणून 'प्रलय' हा शब्द येथे दिशाभूल करतो. मराठी वाचकाला जवळचा दाखला ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये विवरण केलेल्या गीतेच्या अकराव्या अध्यायाचा होय. तेथेही एकाच द्रष्ट्याला सर्वग्रासी काळाचे दर्शन घडते आणि भय हा त्या दर्शनाचाच भाग असतो. अर्जुन मात्र भयभीत होऊन परिचित सौम्य रूप मागतो. योहानापुढे नवे नगर उभे राहते. हा भेद ध्यानात घेतल्यास वर्गात ही चित्रे शिकविताना 'प्रकटीकरण' हीच संज्ञा अधिक अन्वर्थक ठरते.