पट्टीचे नाव, स्वराचे नाव

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्याचे प्रतापगड महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी ख्यात आहे. हा सारा मुलूख झाडीपट्टीचा. धानाची कापणी आटोपली की येथे गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. त्यांत तबल्याच्या जोडीला ऑर्गन असतो. गाणारा नट बदलला की त्याच्या गळ्याची पट्टीही बदलते आणि वादकाला क्षणार्धात नवा षड्ज धरावा लागतो. स्वरांची नावे केवळ पाठ करून हे साधत नाही.

आज अनेक घरांत मुलांसाठी कीबोर्ड येतो. पहिल्याच दिवशी त्याच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ‘सा रे ग म’ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या जातात. मूल आठवडाभरात अलंकार वाजवू लागते, घर कौतुकाने भरून जाते. परंतु सायंकाळी आजी स्तवन म्हणू लागते, तेव्हा तेच मूल साथीला बसून गोंधळते. कारण आजीचा ‘सा’ त्या चिठ्ठीवर नसतो.

उलगडा सोपा आहे. सप्तकात १२ पट्ट्या असतात: ७ पांढऱ्या आणि ५ काळ्या. काळ्या पट्ट्या दोन व तीन अशा गटांत बसविलेल्या असतात. दोनांच्या गटाच्या लगेच डावीकडे असते ती ‘पांढरी एक’. तेथून उजवीकडे पांढऱ्या एक ते सात आणि काळ्या एक ते पाच मोजाव्यात. पाश्चात्त्य पद्धतीत पांढऱ्या एकला ‘सी’ म्हणतात. ही पट्ट्यांची नावे. ती बदलत नाहीत.

‘सा रे ग म’ ही मात्र नात्यांची नावे होत. एकच गृहस्थ कोणाचा काका, कोणाचा मामा असतो, तसेच हे. पांढरी एक ‘सा’ मानली तर सातही शुद्ध स्वर पांढऱ्यांवर येतात. आजी पांढऱ्या पाचमध्ये गात असेल, तर ‘सा’ तेथे सरकतो आणि शुद्ध निषाद काळ्या तीनवर जातो. ‘ग’ आणि ‘म’ लगतच्या पट्ट्यांवर, तसेच ‘नि’ आणि वरचा ‘सा’. इतर शेजारी स्वरांच्या मध्ये एक पट्टी सुटते. एवढे अंतर ध्यानी राहिले की कोणताही षड्ज चालतो.

हार्मोनियमचे पेटंट १८४२ मध्ये पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ यांनी घेतले. वाद्य परदेशी, पण ‘काळी चार’, ‘पांढरी पाच’ ही भाषा आपल्या गायक-वादकांच्या बैठकीत रुळली आणि संगीत नाटकांनी पेटी व ऑर्गन मराठी मनात रुजविले.

म्हणून पहिला महिना संपला की चिठ्ठ्या काढून टाकाव्यात. रोज एकच अलंकार तीन वेगवेगळ्या पट्ट्यांपासून, आधी गळ्याने आणि मग बोटांनी म्हणवून घ्यावा. शेवटी घरातील वडीलधाऱ्यांना एक ओळ गाऊ द्यावी आणि मुलाने त्यांचा षड्ज शोधावा. आपला सूर सोडून दुसऱ्याच्या सुराला जाऊन मिळणे, यालाच साथ म्हणतात.