दुखणे पोटाचे, प्रश्न गाण्याचा

कॉलेजे सुरू होऊन महिना-दीड महिना झाला, की आमच्या बाह्यरुग्ण विभागात एका ठरावीक प्रकारचे रुग्ण दिसू लागतात. वय अठरा ते बावीस. तक्रार पोटाची, डोक्याची, छातीत धडधडण्याची किंवा झोपेची. हातात तपासण्यांची जाड फाइल, आणि त्यातला प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल. यातल्या काहींचे दुखणे त्यांच्या अभ्यासक्रमाशी जोडलेले असते, पण ते सहसा कोणी विचारत नाही आणि मूल आपणहून सांगत नाही.

असाच एक विद्यार्थी होटगीहून आला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सोलापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. रोज सकाळी कॉलेजला निघताना पोटात कळ यायची, दोन-तीनदा शौचाला जावे लागायचे. सोनोग्राफी, रक्त, शौच, सगळ्या तपासण्या झालेल्या. ‘‘रविवारी दुखतं का?’’ ‘‘नाही सर.’’ ‘‘रविवारी काय करतोस?’’ त्याने एकदा वडिलांकडे पाहिले आणि म्हणाला, ‘‘पेटी वाजवतो.’’ गावच्या भजनी मंडळात तो लहानपणापासून गात होता. बी.एस्सी. सोडून संगीताच्या पदवीला जावे, असे वर्षभर त्याच्या मनात होते. वडिलांची शेती कोरडवाहू, जोडीला कारखान्यात कंत्राटी काम. ‘‘गाणं म्हणून पोट भरतंय का ओ साहेब?’’ त्यांनी मला विचारले. त्यांचा प्रश्न रास्त होता आणि मुलाचे दुखणेही खरे होते.

दुखणे खोटे नसते

‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे नाटक करतोय’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. मेंदू आणि आतडी यांच्यात व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत सतत देवाणघेवाण चालू असते. मनावर ताण आला की अ‍ॅड्रेनालिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, आतड्यांची हालचाल बदलते आणि आतड्यांची संवेदनाही तीव्र होते. एरवी जाणवलाही नसता असा वायू मग कळ होऊन बोचतो. मात्र वजन घटणे, शौचातून रक्त जाणे, ताप, रक्तक्षय किंवा दुखण्याने झोपेतून जाग येणे, यांपैकी काही असेल तर त्याचे खापर ताणावर फोडू नये. आधी पूर्ण तपासणी करावी.

सोडायचे आहे की धरायचे आहे?

अभ्यासक्रम बदलू पाहणाऱ्या मुलांना मी पहिला प्रश्न हा विचारतो. आत्ताच्या विषयापासून सुटायचे आहे, की दुसऱ्या विषयाला भिडायचे आहे? दोन्ही वेळी तोंडून वाक्य एकच निघते, ‘मला गाणं शिकायचंय’. उपचार मात्र वेगळे असतात.

अभियांत्रिकीला असलेली एक मुलगी अशीच आली होती. तिलाही सगळे सोडून गाणे शिकायचे होते. बोलता बोलता कळले, की तीन महिन्यांत तिने तंबोऱ्याचे अ‍ॅपसुद्धा उघडले नव्हते. भूक कमी झालेली, पहाटे तीनला जाग यायची आणि मैत्रिणींशी बोलणे थांबलेले. हे नैराश्य होते. नैराश्यात हातातली प्रत्येक गोष्ट निरर्थक वाटते आणि दूरची एखादी गोष्ट सुटकेसारखी दिसते. अशा काळात अभ्यासक्रम, लग्न, नोकरी यांबाबत मोठा निर्णय घेऊ नये. आधी उपचार, निर्णय नंतर. तिने मानसोपचार घेतले, ती बरी झाली. आज ती अभियांत्रिकीच शिकते आणि आठवड्यातून दोनदा गाण्याच्या क्लासला जाते.

थोरांच्या गोष्टी पूर्ण ऐकाव्यात

होटगी हे रेल्वेचे जंक्शन. इथून एक मार्ग विजापूरवरून गदगला जातो. त्या गदगमध्ये वाढलेले भीमसेन जोशी 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. ही गोष्ट मुले नेहमी सांगतात. पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. त्यांच्या शिक्षक वडिलांनी त्यांना शोधून परत आणले, आणि पुढे सवाई गंधर्वांकडे त्यांची रीतसर तालीम झाली. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. घर सोडून निघालेल्या ज्या मुलांचे नाव झाले नाही, त्यांच्या गोष्टी आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

दुसऱ्या वाटाही आहेत. प्रभा अत्रे यांनी विज्ञान आणि कायदा या दोन्ही पदव्या घेतल्या, नंतर संगीतात डॉक्टरेट केली. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, आणि मग पूर्णवेळ गाणे निवडले. वसंतराव देशपांडे यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात अनेक वर्षे नोकरी केली. ती सोडून ते पूर्णवेळ गाण्याकडे वळले, तेव्हा चाळिशी उलटली होती.

आम्हा डॉक्टरांना जठराच्या शस्त्रक्रियेमुळे बिलरोथ हे नाव पाठ असते. 1881 मध्ये कर्करोगग्रस्त जठराचा भाग यशस्वीपणे काढणाऱ्या या शल्यविशारदाला तरुणपणी संगीतकार व्हायचे होते. घरच्यांच्या आग्रहाने तो वैद्यकाकडे वळला, पण वाद्य त्याने सोडले नाही. संगीतकार ब्राम्स त्याचा जिवलग मित्र होता आणि त्याने आपल्या दोन रचना बिलरोथला अर्पण केल्या. उलट शूमान 1830 मध्ये कायद्याचे शिक्षण सोडून पियानोकडे वळला, आणि थोड्याच काळात त्याचा उजवा हात निकामी होऊ लागला. वादकाची कारकीर्द संपली, म्हणून तो संगीतरचनेकडे गेला. या सगळ्यांत समान काय? संगीताशी त्यांचे नाते रोजचे होते. पदवी कधी घेतली, नोकरी कधी सोडली, हे प्रत्येकाचे वेगळे.

बुडीत वर्षाचा हिशेब

‘दोन वर्षे आणि एवढी फी वाया जाईल’ हा पालकांचा नेहमीचा मुद्दा. 1985 मध्ये आर्क्स आणि ब्लूमर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक प्रश्न विचारला. तुम्ही दोन सहलींची तिकिटे काढली आहेत, एक शंभर डॉलरचे आणि एक पन्नासचे. पन्नासच्या सहलीत जास्त मजा येईल, असे तुम्हाला वाटते. पण दोन्ही सहली एकाच दिवशी आल्या. कुठे जाल? निम्म्याहून अधिक लोकांनी महागडी, कमी मजेची सहल निवडली. पैसे तर दोन्हीकडे गेलेलेच होते. गेलेला पैसा परत येत नाही, म्हणून पुढचा निर्णय पुढचा खर्च आणि पुढचा लाभ पाहून घ्यावा. घराची ऐपत हा मात्र पुढचाच खर्च आहे. त्याचा विचार करणाऱ्या वडिलांना ‘मागासलेले’ म्हणू नये.

आता मधल्या वाटाही वाढल्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 पासून दोन पदवी अभ्यासक्रम एकाच वेळी करण्याची मुभा दिली आहे. दोन्हींच्या वेळा एकमेकांवर येत नसल्या, किंवा एक अभ्यासक्रम दूरस्थ वा ऑनलाइन असला, म्हणजे झाले. उत्तीर्ण विषयांची क्रेडिट जमा ठेवण्याचीही सोय झाली आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद, अलंकार या परीक्षा कॉलेज करत करत देता येतात. पूर्णवेळ शिकायचे तर पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे. आपल्या कॉलेजात नियम नेमके कसे लागू आहेत, हे कार्यालयात जाऊन विचारावे.

सहा आठवड्यांची वही

होटगीच्या त्या मुलाला मी पोटासाठी थोडे औषध आणि एक वही लिहून दिली. रोज चार नोंदी: किती झोपलो, पोट केव्हा दुखले, रियाज किती मिनिटे केला, आणि त्यात कंटाळवाणा भाग किती केला. कंटाळवाणा म्हणजे खर्ज, पलटे, तालाचे ठेके. आवडीची गाणी म्हणणे धरायचे नाही. सोबत दोन कामे: अपरिचित, जाणत्या गुरूला गाणे ऐकवून स्पष्ट मत घेणे, आणि संगीतावर उपजीविका करणाऱ्या दोघांना भेटून कमाई विचारणे.

सहा आठवड्यांनी वही आली. पोट दुखलेल्या दिवशीही रियाज सुटला नव्हता. गुरूंनी ‘गळा चांगला, तालात कच्चा’ असे सांगितले होते आणि त्याने ते वहीत लिहून ठेवले होते. एक संगीतशिक्षक सुरुवातीला महिन्याला किती कमावतो, तो आकडाही होता. तो वडिलांनी दोनदा वाचला. मुलाने दुसरे वर्ष पूर्ण करायचे, मग संगीताची प्रवेशपरीक्षा द्यायची आणि दोन वर्षांनी पुन्हा एकत्र बसायचे, असे दोघांत ठरले. पोटदुखी पूर्ण गेली नाही, पण गोळ्या कमी झाल्या.

गळा, हात, झोप

संगीताकडे वळणाऱ्यांनी शरीराचेही ऐकावे. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. ताण देऊन गाण्याने स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात. बोटांना मुंग्या येणे, बोट आपोआप वळणे यांवर आणखी रियाज हा उपाय नाही. कार्यक्रमापूर्वी धडधड होते म्हणून कोणाच्या सांगण्यावरून प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेऊ नये. दमा असलेल्याला ती धोकादायक ठरते.

झोप मोडून रियाज करण्याचेही कौतुक नको. बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनवादकांचा अभ्यास एरिक्सन यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केला. सर्वोत्तम विद्यार्थी एकट्याने रोज सरासरी साडेतीन तास सराव करत, तर संगीतशिक्षक होऊ पाहणारे सुमारे सव्वा तास. पण ते सर्वोत्तम विद्यार्थी झोपतही जास्त होते आणि दुपारी डुलकी काढत होते.

पालकांना एवढेच सांगणे, की मुलाचे ऐकून घेणे म्हणजे लगेच होकार देणे नव्हे. वही, मुदत आणि आकडे मागा. मुलांनीही ते रागावर न नेता द्यावेत. मात्र मूल एकटे राहू लागले, खाणे-झोप बिघडली किंवा ‘जगण्यात अर्थ नाही’ असे बोलू लागले, तर अभ्यासक्रमाची चर्चा थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणा. ‘टेलिमानस’च्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते. प्रवेशाची तारीख चुकली तर ती पुढच्या वर्षी पुन्हा येते.