छोटा स्टीव्ही मोठा कसा झाला?

गरिबाच्या घरात एखादे पोर गोड गळा घेऊन जन्माला आले की आधी आईबापांना आनंद होतो आणि मागोमाग घराला आशा लागते. जयंतीच्या स्टेजवर, परित्राण पाठाच्या कार्यक्रमात, कव्वालीच्या सामन्यात आठ-दहा वर्षांचे मूल माईकसमोर उभे राहिले की टाळ्या पडतात, वन्स मोअर मिळतो, कोणी दहाची तर कोणी शंभराची नोट हातात देतो. पण या मुलाचे पुढे काय होते, हे कोणी विचारत नाही. आवाज फुटल्यावर ते कुठे जाते? त्याच्या शाळेचे काय झाले? त्या नोटा कोणाच्या खिशात गेल्या?

हे प्रश्न मनात घेऊन मी स्टीव्ही वंडर या अमेरिकन गायकाच्या आयुष्याकडे पाहिले. हा गायक कृष्णवर्णीय आहे, जन्मापासून अंध आहे आणि अकराव्या वर्षापासून गाण्याच्या धंद्यात आहे. अमेरिकेतील काळ्या माणसांचे आणि आपले नाते जुने आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी तेथील थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची माहिती मागविली होती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. म्हणून ही कथा परक्याची असली तरी आपल्याला समजायला जड जाणार नाही.

आईच्या पदराखाली

स्टीव्हीचा जन्म १३ मे १९५० रोजी मिशिगन राज्यातील सॅगिनॉ गावी झाला. दिवस पूर्ण भरण्याआधीच, सुमारे सहा आठवडे लवकर, तो जन्माला आला. अशा बाळाला काचेच्या पेटीत ठेवून प्राणवायू देतात. त्या काळी प्राणवायू किती द्यावा याचे नीट ज्ञान नव्हते. तो जास्त झाला आणि डोळ्यांच्या पडद्याची वाढ बिघडून बाळाची दृष्टी गेली. म्हणजे ज्या उपचाराने जीव वाचला, त्यानेच डोळे नेले.

त्याची आई ल्युला मे हार्डवे दक्षिणेकडील अलाबामा राज्यातील, गरिबी भोगलेली बाई. स्टीव्ही चार वर्षांचा असताना ती मुलांना घेऊन डेट्रॉइट या मोटारींच्या कारखान्यांच्या शहरात आली. आंधळे पोर म्हणून तिने त्याला कोपऱ्यात बसवून ठेवले नाही. तो चर्चमध्ये गायला, हार्मोनिका वाजवायला शिकला, पियानो शिकला, ड्रम शिकला. गल्लीत मित्राबरोबर गाणी म्हणू लागला. दहा वर्षांचा होईपर्यंत मोहल्ल्यात त्याचे नाव झाले होते.

डेट्रॉइटमध्ये तेव्हा बेरी गॉर्डी नावाच्या कृष्णवर्णीय गृहस्थाची मोटाऊन ही रेकॉर्ड कंपनी नुकतीच उभी राहत होती. १९६१ साली कंपनीच्या रॉनी व्हाइट या गायकाने या पोराचे गाणे ऐकले आणि आईसह त्याला कंपनीत नेले. तिथे त्याने एकामागून एक वाद्ये वाजवून दाखविली. कंपनीने त्याला करारबद्ध केले. वंडर म्हणजे नवल. ‘लिटल स्टीव्ही वंडर’, छोटा नवलाईचा स्टीव्ही, असे त्याचे नामकरण झाले. तेव्हा तो ११ वर्षांचा होता.

बारा वर्षांची कमाई

जून १९६२ मध्ये शिकागोच्या रीगल थिएटरात त्याचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित करण्यात आला. त्यातले ‘फिंगरटिप्स’ हे गाणे १९६३ साली तबकडीवर आले आणि अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. तेव्हा स्टीव्ही होता १३ वर्षांचा. त्या यादीत इतक्या लहान वयात पहिला क्रमांक मिळविणारा तो पहिलाच. ज्या देशाच्या दक्षिण भागात अजून काळ्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात बसता येत नव्हते, त्या देशात काळ्या आईचे आंधळे पोर सर्वांच्या घरात गाऊ लागले.

जमाखर्चाच्या वह्या लिहिण्यात अर्धे आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या कारकुनाची नजर मात्र पुढच्या गोष्टीवर जाते. पैशांचे काय झाले? करारात अशी अट होती की मुलाची कमाई तो २१ वर्षांचा होईपर्यंत विश्वस्त निधीत ठेवायची. आई व मुलाला दर आठवड्याला खर्चापुरती रक्कम द्यायची. स्टीव्हीच्या स्वतःच्या हातात आठवड्याला अडीच डॉलर येत. ज्याचे गाणे देशभर वाजत होते, त्या मुलाच्या खिशात एवढेच! हा नियम कडक वाटेल, पण पुढे तोच त्याच्या कामी आला.

शाळा सुटली नाही

दुसरा प्रश्न शाळेचा. गावोगावच्या दौऱ्यांमुळे हजेरी बुडू लागली तेव्हा डेट्रॉइटच्या शिक्षण खात्याने हरकत घेतली. मार्ग असा निघाला की स्टीव्हीचे नाव लान्सिंग येथील मिशिगन अंधशाळेत घालायचे आणि दौऱ्यावर त्याच्यासोबत शिक्षक द्यायचा. टेड हल हे ते शिक्षक. स्वतः हलसाहेबांचीही दृष्टी अधू होती. गाडीत, हॉटेलात, स्टेजमागच्या खोलीत ब्रेलची पुस्तके उघडली जात. सहा वर्षे हा क्रम चालला. मुलाने शालेय शिक्षण पूर्ण केले. टाळ्यांच्या कडकडाटातही त्याचा अभ्यास सुटला नाही.

आवाज फुटतो तेव्हा

बालगायकाची खरी परीक्षा स्टेजवर होत नाही. ती निसर्ग घेतो. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो आणि ज्या कोवळ्या सुरासाठी लोक वेडे झाले होते तो सूर परत येत नाही. स्टीव्हीचेही तसेच झाले. नवी गाणी चालेनात. कंपनीतले काही जण म्हणू लागले, आता याला मोकळा करा. त्या वेळी सिल्व्हिया मॉय ही तरुण कृष्णवर्णीय गीतकार त्याच्या बाजूने उभी राहिली. तिने त्याला आणखी एक संधी मागून घेतली आणि त्याच्या बदललेल्या आवाजाला शोभेल असे गाणे बांधायला हात दिला. १९६५ अखेर आलेले ‘अपटाइट’ हे ते गाणे. ते चालले. नावातला ‘लिटल’ तोवर गळून पडला होता. १९६७ च्या त्याच्या एका गाजलेल्या गाण्यावर गीतकार म्हणून आई ल्युलाचेही नाव आहे. कष्टकरी आईचे नाव रेकॉर्डवर छापून यावे, ही गोष्ट मला मोठी वाटते.

सर्वांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्या विद्यापीठाला लागूनच न्यूयॉर्कची हार्लेम ही काळ्यांची वस्ती आहे. तिथला फ्रँकी लायमन हा मुलगा १९५६ साली, १३ वर्षांचा असताना, स्टीव्हीसारखाच एका गाण्याने देशभर गाजला. लंडनपर्यंत जाऊन आला. पुढे आवाज फुटला, गाणी पडली आणि कोवळ्या वयातच तो हेरॉइनच्या नादी लागला. २७ फेब्रुवारी १९६८ रोजी हार्लेममध्ये आजीच्या घरी, वयाच्या २५ व्या वर्षी, त्याच नशेने त्याचा बळी घेतला. त्याच्या गाण्याच्या हक्कावरून त्याच्या मरणानंतर कितीतरी वर्षे कोर्टात दावे चालले. गाणे पैसे कमावीत राहिले, गाणारा केव्हाच गेला होता.

दोन्ही मुले गरीब, दोन्ही काळी, दोघांचेही गळे अलौकिक. मग एक वाचला आणि एक बुडाला तो कशामुळे? नशीब म्हणून आपण हात झटकू शकतो. पण बुद्धाने आपल्याला कार्यकारणभाव शिकवला आहे. एकाच्या बाजूला विश्वस्त निधी होता, शिक्षक होता आणि पडत्या काळात हात देणारे माणूस होते. दुसऱ्याला वेळेवर असा आधार लाभला नाही.

एकविसावा वाढदिवस

मे १९७१ मध्ये स्टीव्ही २१ वर्षांचा झाला. निधीतले सुमारे १० लाख डॉलर त्याच्या हाती आले. कंपनीने त्याच्या गाण्यांवर याच्या कितीतरी पट कमावले होते, तेव्हा हिशेब पुरता न्यायाचा होता असे मी म्हणणार नाही. पण हाती काही आले म्हणूनच तो कंपनीसमोर ताठ उभा राहू शकला. जुना करार संपू दिला, वकील नेमला, स्वतःच्या पैशाने ध्वनिमुद्रण सुरू केले. मग नव्या करारात गाणी कशी करायची याचे स्वातंत्र्य आणि गाण्यांच्या हक्कात वाटा मिळवूनच तो परतला. त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत त्याने केलेले संगीत आजही जगभर ऐकले जाते. १९७४, १९७५ आणि १९७७ अशी तीन वेळा वर्षातील सर्वोत्तम अल्बमची ग्रॅमी त्याला मिळाली. आजवर त्याच्या नावावर २५ ग्रॅमी आहेत. कराराचा कागद वाचणारा कलावंत काय करू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

एका जयंतीसाठी

आता जी गोष्ट सांगतो ती आपल्या काळजाला भिडणारी आहे. ४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. १७ वर्षांचा स्टीव्ही अंत्यविधीला अटलांटाला गेला होता. चारच दिवसांत डेट्रॉइटचे खासदार जॉन कॉनयर्स यांनी किंग यांच्या जन्मदिवसाची राष्ट्रीय सुटी जाहीर करण्याचे विधेयक मांडले. वर्षामागून वर्षे गेली, विधेयक पडून राहिले. विरोधक म्हणत, सुटी दिली तर सरकारचा खर्च वाढेल. म्हणत, या गृहस्थांनी कोणतेही सरकारी पद भूषविले नव्हते. १९७९ साली ते प्रतिनिधिगृहात मतदानाला आले आणि अवघी ५ मते कमी पडली.

तेव्हा स्टीव्हीने जयंतीचे गाणे केले. १९८० च्या त्याच्या अल्बममध्ये ते आले. वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे हे गाणे किंग यांच्यासाठी होते. ते गाऊन तो थांबला नाही. १५ जानेवारी १९८१ रोजी, कडाक्याच्या थंडीत, त्याने वॉशिंग्टनला मोठी सभा भरविली. सह्यांची मोहीम चालली आणि १९८२ साली कोरेटा किंग यांच्यासोबत ६० लाख सह्यांचे निवेदन प्रतिनिधिगृहाच्या अध्यक्षांकडे पोचले. २ नोव्हेंबर १९८३ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली आणि २० जानेवारी १९८६ रोजी पहिली राष्ट्रीय किंग जयंती साजरी झाली. बाबासाहेबांना भारतरत्न मिळायला १९९० साल उजाडावे लागले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या १५ वर्षांच्या लढ्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पुढे १९८५ साली ऑस्कर मिळाले तेव्हा ते त्याने तुरुंगात असलेल्या नेल्सन मंडेला यांच्या नावाने स्वीकारले. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी रेडिओने लगेच त्याच्या गाण्यांवर बंदी घातली. अंध वाचकांना ब्रेल व बोलकी पुस्तके सहज मिळावीत म्हणून झालेल्या २०१३ च्या मराकेश करारासाठीही त्याने आपला शब्द खर्ची घातला. या कराराला २०१४ साली सर्वात आधी मान्यता देणारा देश आपला भारत होता.

आपण काय करायचे?

आपल्याकडे जलशाची, शाहिरीची, भीमगीतांची परंपरा मोठी आहे. वामनदादा कर्डकांसारख्या लोककवीने आयुष्यभर गाऊन समाज जागा केला. त्या परंपरेत नवी मुले येत आहेत. आता टी.व्ही.च्या गाण्याच्या स्पर्धा आहेत, मोबाईलवर रातोरात नाव होते. म्हणून आईवडिलांनी आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

मुलाची कमाई मुलाच्या नावे ठेवावी. अज्ञान मुलाच्या नावे पालकांसह बँकेत खाते निघते. दहा वर्षांवरील मुलाला पोस्टात आपले बचत खाते स्वतः चालविता येते. १४ वर्षांखालील बालकलाकारांसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, शिक्षणाची सोय हवी आणि मुलाच्या उत्पन्नातील निदान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकली पाहिजे. टी.व्ही.वर मूल पाठविताना हे विचारण्यात लाज कसली? तो आपला हक्क आहे.

मंडळांनी मुलांचे गाणे रात्री पहिल्या तासात ठेवावे, मध्यरात्रीपर्यंत त्यांना ताटकळत बसवू नये. मार्च-एप्रिल हे परीक्षांचे दिवस असतात, याचा विसर पडू नये. नोटा उधळण्याऐवजी शाळेची फी भरावी, पेटी-तबल्याच्या क्लासला मदत करावी. आणि आवाज फुटून मूल मागे पडले तर त्याला विसरू नये. तेव्हाच त्याला माणसाची गरज असते. गाणे नाही जमले तरी लिहिणे, वाजवणे, शिकवणे अशा कितीतरी वाटा आहेत.

बाबासाहेबांनी आपल्याला सर्वांत आधी शिकायला सांगितले. गाणारे मूलही त्याला अपवाद नाही. शिकलेला गायक स्वतःचा करार वाचील, स्वतःचा हिशेब मागेल आणि वेळ आली तर आपल्या माणसांसाठी सरकारपुढे उभा राहून गाईल. अशी मुले घडविणे आपल्या हातात आहे.

जयभीम!