टी-ट्री तेल

अलीकडे औषधांच्या दुकानांतून टी-ट्री तेलाच्या लहान बाटल्या दिसतात. साबणांवर व मलमांवरही हें नांव आढळतें. नांवांत ‘टी’ असल्यामुळें हें तेल चहाचें असावें व म्हणून निरुपद्रवी असावें, असा समज होणें साहजिक आहे. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. आसामांतील चहाच्या झुडपाशीं याचा कांहीं संबंध नाहीं.

हें झाड मूळचें ऑस्ट्रेलियांतील. न्यू साउथ वेल्सचा ईशान्य भाग व त्याला लागून असलेला क्वीन्सलंड, येथील दलदलीच्या जमिनींत तें वाढतें. याचें शास्त्रीय नांव मेलाल्यूका अल्टर्निफोलिया. आपल्या परिचयाचीं जांभूळ, पेरू, लवंग व निलगिरी हीं झाडें याच्याच कुळांतील होत. तेथील मूळचे रहिवासी बंजलंग लोक हीं पानें ठेचून जखमांवर लावीत. पुढें १९२० नंतरच्या दशकांत सिडनी येथील रसायनशास्त्रज्ञ आर्थर पेन्फोल्ड यांनीं, जंतुनाशनाच्या कामीं हें तेल कार्बोलिक ॲसिडाच्या ११ पट प्रभावी आहे, असें प्रसिद्ध केलें.

पानें व कोंवळ्या डहाळ्या बंद भांड्यांत घालून त्यांतून वाफ सोडतात. वाफेबरोबर तेल उडून येतें व ती थंड केली कीं पाण्यावर तरंगतें. १०० किलो ताज्या पाल्यापासून जेमतेम १ ते २ किलो तेल निघतें. तें बिनरंगी किंवा फिकट पिवळें असून त्यास कापरासारखा उग्र वास येतो. त्यांतील टर्पिनेन-४-ऑल हें मुख्य द्रव्य जंतूंचें बाह्य आवरण दुर्बळ करतें, आणि त्यामुळें ते मरतात.

तोंडावरील मुरुमांवर ५ टक्के तेलाचा लेप गुणकारी ठरला आहे. मात्र गुण सावकाश येतो. पायांच्या बोटांमधील चिखल्यांची खाजही त्यानें कमी होते. तेल निर्भेळ लावूं नये. लहान चमचाभर खोबरेलांत ५ थेंब पुरेत. तेंही प्रथम कोपराच्या आंतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. आग अगर पुरळ उठल्यास पुन्हा वापरूं नये. डोळे व कान यांत तें घालूं नये. बाटली घट्ट बुचाची, अंधारांत व विस्तवापासून दूर ठेवावी. कारण हवा व उजेड लागलेलें जुनें तेल कातडीस अधिक बाधतें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, हें तेल पोटांत घेण्याचें नव्हे. मुलाच्या पोटांत थोडें गेलें तरी गुंगी येते, तोल जातो, प्रसंगीं शुद्धही हरपते. असें घडल्यास उलटी न करवितां, बाटली बरोबर घेऊन तत्काळ दवाखाना गांठावा. कुत्र्यामांजरांसही तें विषारी आहे.

वनस्पतींपासून झालेलें सर्व कांहीं सौम्यच असतें, असें आम्ही पुष्कळदां मानतों. पण जें द्रव्य जंतूंस मारतें, तें आम्हांसही अपाय करूं शकतें. म्हणून पालकांनीं ही बाटली मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा फळीवर ठेवावी, आणि मुलांनीं कोणत्याही औषधाचें नुसतें नांव न वाचतां त्याखालचा मजकूरही वाचण्याची संवय लावून घ्यावी.