चवदार तळ्याचा दावा

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. त्या तळ्याचा दावा पुढे जवळजवळ दहा वर्षे कोर्टात चालला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे अस्पृश्यांना खुले केले, पण केवळ कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तिथले पाणी प्याले. लोकांना मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव फिरवला.

दुसरा सत्याग्रह २५ डिसेंबरला ठरला होता. त्याआधीच, १२ डिसेंबरला, सवर्णांनी महाडच्या दिवाणी कोर्टात बाबासाहेबांविरुद्ध दावा लावला आणि दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. सत्याग्रहासाठी आलेले लोक तुरुंगात जायला तयार होते. तरीही बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली आणि हुकूम पाळला. मला हा निर्णय पाणी पिण्याइतकाच धाडसाचा वाटतो. ज्या कोर्टाने अडवले, त्याच कोर्टात ते उभे राहिले. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई उठली, १९३१ मध्ये महाडचा निकाल प्रतिवादींच्या बाजूने लागला आणि १९३३ मध्ये ठाण्यात वादींचे अपील फेटाळले गेले.

१७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी शेवटचे अपीलही फेटाळले. (१९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे ब्रूमफील्ड ते हेच.) निकाल नीट वाचला पाहिजे. अस्पृश्यता अन्याय्य आहे, म्हणून वादी हरले असे तो म्हणत नाही. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, एवढेच तो म्हणतो. ती सिद्ध झाली असती, तर ती अवाजवी किंवा लोकहिताविरुद्ध आहे का, हे कदाचित पाहावे लागले असते, असे सांगून न्यायालय थांबले.

म्हणजे पाण्याचा हक्क टिकला तो पुरावा अपुरा पडला म्हणून. उद्या दुसऱ्या गावात दुसऱ्या वादीने जुने दाखले आणले असते, तर? न्यायाधीश कितीही निःपक्षपाती असला, तरी हाती असलेल्या कायद्याच्या पलीकडे त्याला फार दूर जाता येत नाही.

ही फट राज्यघटनेने बुजवली. तेराव्या कलमाने कायद्याचे बळ असलेली रूढीही मूलभूत हक्कांच्या कसोटीला लावली. त्यांच्याशी विसंगत ठरेल तेवढी ती रद्द. सतराव्याने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्याच्या दुसऱ्या उपकलमात तर सार्वजनिक विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष महाडच्या दाव्यात प्रतिवादी होते.

कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने १९३७ चा हा निकाल मुळातून वाचावा, आणि वाचताना पंधरावे कलम शेजारी उघडे ठेवावे.