डोकेदुखीची गोळी आणि मेंदूचा देठ

डोकं दुखलं, अंग मोडून आलं की ॲस्पिरिन घ्यायची, ही जुनी सवय. १८९७ साली जर्मनीतील बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी हे औषध शुद्ध स्वरूपात तयार केलं. ही वेदनाशामक गोळी पक्षाघाताच्या उपचारात कशी आली, ते पाहू या.

मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा लहानसा देठ म्हणजे मस्तिष्कस्तंभ. श्वास, गिळणं, डोळ्यांची हालचाल, शरीराचा तोल यांची सूत्रं तिथं असतात. तिथली रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली, तर हात-पाय लुळे पडतीलच असं नाही. एकाएकी गरगरतं, एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते, पाणी पिताना ठसका लागतो. घरचे म्हणतात, 'पित्त झालं असेल, जरा पडून राहा.' आणि मोलाचा वेळ निघून जातो.

१९७१ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं, की ॲस्पिरिन शरीरातील प्रोस्टाग्लँडिन्सची निर्मिती रोखतं. त्यामुळे वेदना कमी होतात. रक्तातील बिंबिका एकमेकींना चिकटेनाशा होतात, त्याही याच जातीच्या एका द्रव्याची निर्मिती थांबल्यामुळे. १९८२ साली व्हेन यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. पुढे १९९७ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. एक आंतरराष्ट्रीय, दुसरी चीनमधली. रुग्ण मिळून सुमारे ४० हजार. गुठळीच्या पक्षाघातात ४८ तासांच्या आत ॲस्पिरिन सुरू केल्यास दर हजारी सुमारे ९ जणांचा मृत्यू किंवा पुन्हा येणारा झटका टळतो, असं दिसलं.

मग लक्षणं दिसताच घरीच गोळी द्यावी का? मुळीच नाही. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे स्कॅनशिवाय कळत नाही. रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिननं तो वाढू शकतो. शिवाय गिळण्याची शक्ती गेली असेल, तर गोळी आणि पाणी श्वासनलिकेत जातं. म्हणून रुग्णालयात आधी गिळण्याची तपासणी करतात.

निरोगी वृद्धांनी 'असू द्यावी' म्हणून रोज ॲस्पिरिन घेणंही बरं नव्हे. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतील १९ हजारांवर वृद्धांच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लाभ दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नये.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेव्हा लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा, तोंडानं काही देऊ नका आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.